अभ्यासक्रमाचा फेरफार आणि ताबा

आमची हयात तहसील कचेरीत गेली. तेथे एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो, ती ही की, फेरफाराच्या वहीत नोंद चढली म्हणजे जमीन ताब्यात आलीच, असे नाही. नोंद नव्या खरेदीदाराच्या नावे आणि वावरात वखर मात्र जुन्याच मालकाचा, अशी प्रकरणे आमच्या हाताखालून किती गेली, याची गणती नाही. कृषिविद्यापीठांतील अभ्यासक्रम नव्याने रचण्याचे जे कार्य सध्या चालू आहे, ते पाहताना आम्हांस हाच अनुभव आठवतो. हा विषय पंडितांचा, कास्तकारास त्याचे काय, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे.

वऱ्हाड-नागपुराकडे शेतीचे उच्च शिक्षण नवे नाही. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे आहे. परंतु महाविद्यालयाने शिकवावे, संशोधन अन्य खात्याने करावे आणि ते गावोगाव पोहोचविण्याचे काम तिसऱ्यानेच करावे, अशी पूर्वीची वाटणी होती. ही तिन्ही कामे एकाच छताखाली आणावीत, हा विचार अमेरिकेतील १८६२ च्या कायद्यापासून वाढलेल्या विद्यापीठांकडून आपल्याकडे आला, आणि त्या धर्तीचे आपल्या देशातील पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगर येथे स्थापन झाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चारही कृषिविद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. अकोल्याच्या विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ ची असून, त्यास डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. अशा विद्यापीठात काय शिकविले जाते, हे विचारण्याचा अधिकार या जिल्ह्यास नसेल, तर कोणास असेल?

आता नूतनीकरणाची रीत पाहू. दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान परिषद वेळोवेळी अधिष्ठाता समिती नेमते व ती देशभराच्या अभ्यासक्रमाचा आराखडा घालून देते. पहिली समिती १९६५ साली बसली. सहाव्या समितीच्या शिफारशी २०२४-२५ पासून अमलात येऊ लागल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय, हाताच्या कौशल्यावर भर, नैसर्गिक शेतीचा समावेश, अशा चांगल्या गोष्टी तीत आहेत. येथवर फेरफाराची नोंद झाली. ताब्याचे काय?

२०१७ चा खरीप कोणी विसरला नसेल. गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली. डोक्यापर्यंत वाढलेल्या पिकात, तोंडाला केवळ फडके बांधून, दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारणी झाली, आणि आपल्या एका जिल्ह्यात वीसाहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले. कीटकशास्त्र तेव्हाही शिकविले जात होते, पुस्तकेही होती. परंतु ती विद्या फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत आली नाही. अभ्यासक्रमाची खरी परीक्षा याच ठिकाणी होते.

याउलट एक लहान गोष्ट सांगतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावी येऊन राहतात. त्यांस आपण कृषीदूत, कृषीकन्या म्हणतो. एके वर्षी आमच्या गावी आलेल्या मुलांनी भिंतीवर तक्ते लावले, छायाचित्रे काढली आणि अहवालावर सरपंचांची सही घेतली. त्यांतील एकास आमच्या शेजारच्या कास्तकाराने विचारले, "बाबू, अळी दिसल्यावर औषध सारेच सांगतात, ती यायच्या आधी कसं ओळखावं, ते सांग." मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो रोज सकाळी त्या वावरात जाऊ लागला. कामगंध सापळ्यातील पतंग मोजावे, डोमकळ्या वेचून नष्ट कराव्या, आकडे वहीत मांडावे, असा त्याचा क्रम झाला. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, तरच औषधाचा विचार करावा, हे सूत्र पुस्तकात त्याने वाचलेच होते. धुऱ्यावर ते दोघांनाही समजले. त्या हंगामी शेजाऱ्याच्या दोन फवारण्या वाचल्या.

यास्तव नूतनीकरणाचे धुरीणत्व ज्यांच्याकडे आहे, त्या कुलगुरू, अधिष्ठाते व विभागप्रमुखांस आमचे नम्र सांगणे असे. विषयांची यादी करण्यापूर्वी तालुक्यातील प्रश्नांची यादी करावी. नवा विषय घालताना जुना कोणता काढावा, हेही धैर्याने ठरवावे. भरल्या गाडीवर पोते चढविल्याने बैल बसतो. अध्यापकांस आज्ञापत्र न पाठविता विश्वासात घ्यावे व त्यांस वावरात जाण्यास सवड द्यावी, कारण शिकविणारा बदलला नाही, तर पुस्तक बदलून काही होत नाही. शेवटी, आम्ही पीकपाहणी दरसाल करीत असू, तद्वत अभ्यासक्रमाचीही पाहणी दरसाल करावी. दहा वर्षे वाट पाहू नये.

आणि कास्तकारबंधूंनो, आपल्याही माथी काही आहे. कृषीदूत दारी आला, तर चहा पाजून व सही देऊन त्याची बोळवण करू नका. त्यास खर्चाची वही दाखवा, बुडालेले पीक दाखवा, आणि ज्याचे उत्तर तुम्हांस मिळत नाही, असा एक प्रश्न त्याच्या अहवालात लिहून घ्या. असे प्रश्न गावोगावहून महाविद्यालयात जाऊ लागले, तर पुढील अभ्यासक्रम रचणारांस ते टाळता येणार नाहीत. वहीतील नोंद दिल्लीस होईल; ताबा मात्र आपल्या बांधावरच द्यावा-घ्यावा लागेल.