एका ओळीचा बदल, पण स्थिर कर्नलमध्ये घ्यावा का?

नवा लॅपटॉप घरी येतो, त्यावर लिनक्स बसवले जाते आणि वाय-फाय मात्र दिसतच नाही. यंत्र धडधाकट असते. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलला त्या चिपची ओळख नसते, एवढेच. ही ओळख जुन्या, स्थिर कर्नलला करून द्यावी का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

कर्नलची मुख्य आवृत्ती साधारणपणे दर ९-१० आठवड्यांनी निघते आणि नवे सारे तिच्यात येते. सर्व्हर चालवणाऱ्यांना हे नावीन्य नको असते. त्यांच्यासाठी २००५ मध्ये २.६.११ या आवृत्तीपासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी स्थिर शाखेची प्रथा सुरू केली. तिथे केवळ दुरुस्त्या घ्यायच्या. बदल मुख्य आवृत्तीत आधी स्वीकारला गेलेला, तपासलेला आणि आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आतला असावा, असा दंडक आहे.

या दंडकात एक सवलत मात्र लिहून ठेवलेली आहे: उपकरणांचे नवे क्रमांक चालतील. यूएसबीला जोडलेले प्रत्येक उपकरण संगणकाला दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि दुसरा उत्पादनाचा. ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची यादी असते. तीच चिप नव्या नावाने बाजारात आली की यादीत एका ओळीची भर पुरते. ज्याच्याकडे ते उपकरण नाही, त्याच्या संगणकावर तिचा काहीही परिणाम होत नाही. एखाद्या लॅपटॉपच्या स्पीकरची जोडणी रूढ पद्धतीहून वेगळी असेल, तर त्या खोडीपुरती केलेली तजवीजही याच न्यायाने स्वीकारली जाते.

खरी अडचण इथेच दडलेली आहे. मुख्य आवृत्तीत ती ओळ लिहिली गेली, तेव्हा ड्रायव्हरही पुढे गेलेला असतो. जुन्या शाखेत ओळ बिनतक्रार बसते, कर्नल तयारही होतो; पण तिला लागणारा बाकीचा बदल तिथे नसल्याने उपकरण अर्धवटच चालते. ते आधी एखाद्या सामान्य ड्रायव्हरवर नीट चालत असेल, तर मालकाचे चालू काम बंद पडते. स्थिर म्हणवणाऱ्या शाखेत याहून मोठा दोष नाही. त्या शाखेवर, त्याच उपकरणासह कोणी चाचणी केली का, हे विचारणे म्हणूनच ओळी मोजण्यापेक्षा महत्त्वाचे. सांभाळकर्त्यांजवळ प्रत्येक उपकरण कुठून असणार!

हजारो ओळींचा नवा ड्रायव्हर या सवलतीत बसत नाही. त्याची सोय वितरक आपापल्या परीने करतात. उबुंटू आपल्या दीर्घकालीन आवृत्तीतच नवा कर्नल देऊ करते. रेड हॅट जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये नवे ड्रायव्हर स्वतः आणून तपासते. डेबियनच्या वापरकर्त्याला बॅकपोर्ट्स भांडारातून नवा कर्नल घेता येतो. लॅपटॉपच्या मालकाने आधी आपल्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, ते पाहावे. असेल आणि केवळ क्रमांक राहिला असेल, तर पुढच्या स्थिर अद्ययावतीची वाट पाहण्यात अर्थ आहे. ड्रायव्हरच नसेल, तर नवा कर्नल घ्यावा लागेल.