जोखीम कुठून मोजायची?

दांडिया बाजारातल्या कुठल्याही घरात कुणाला मधुमेह निघाला की बोलणे ठरलेल्या वळणाने जाते. माणूस जाडजूड असेल तर ‘खाण्यावर ताबा नव्हता’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. तो काटकुळा असला की मात्र घरचे बुचकळ्यात पडतात. अंगावर मांस नाही, शेव-उसळसुद्धा रविवारचीच, मग रक्तात साखर आली कुठून? प्रश्न भाबडा वाटला तरी तसा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि त्यांना रुग्णाच्या ताटापाशी न थांबता त्याच्या जन्माच्याही मागे जावे लागले.

आधी ‘जोखीम घटक’ हा शब्द नीट पाहू. तो रूढ केला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातील अभ्यासाने. 1948 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात 5,209 स्त्री-पुरुषांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासले गेले आणि पुढे कुणाला हृदयविकार होतो याची नोंद ठेवली गेली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही नावे आपल्या तोंडी बसली ती त्यातून. जोखीम घटक शंभर माणसांविषयी बोलतो. त्यांपैकी साधारण किती जण आजारी पडतील हे तो सांगतो. तुम्ही त्यांत आहात की नाही, हे नाही. आपण मात्र तो ऐकतो एखाद्या आरोपासारखा.

दुसरी अडचण मापाची. बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो 25 च्या आत असला की ठीक, असे जगभर धरले जात होते. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! तराजू वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही. भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा 23 वर आणली गेली आणि कमरेचा घेर पाहिला जाऊ लागला (पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर) तो याच जातीच्या पुराव्यांमुळे.

पण ही चरबी साठते केव्हा? इथे इंग्लंडमधील एका जुन्या नोंदवहीचा उल्लेख करायला हवा. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळांची वजने लिहून ठेवत. कित्येक दशकांनी डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या मिळवल्या, आणि जन्मतः किंवा वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी होते ते पुरुष हृदयविकाराने अधिक प्रमाणात गेले, असे त्यांना आढळले. लिहिणाऱ्या बायकांना असले काही सिद्ध करायचे नव्हते. त्या फक्त नेमाने लिहीत होत्या. मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत त्यांचेच अप्रूप अधिक वाटते.

पुण्याच्या चमूने मात्र जुनी वही शोधत न बसता नवी सुरू केली. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील विवाहित स्त्रियांची नोंद गर्भ राहण्याच्या आधीच होऊ लागली. या बायांचे सरासरी वजन जेमतेम 42 किलो. त्यांची बाळे साधारण 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. बाळ लहान म्हणजे सगळेच लहान, असे आपण धरून चालतो. चिमट्याने त्वचेखालची चरबी मोजली तेव्हा वेगळेच निघाले. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोट बरेच लहान होते, पण पाठीवरची चरबी जवळपास टिकून होती. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली, त्यात पुण्याच्या बाळांमध्ये इन्सुलिनही अधिक आढळले. म्हणजे दांडिया बाजारातल्या त्या काटकुळ्या माणसाचा नमुना पाळण्यातच दिसत होता.

आईच्या आहाराकडे पाहता, एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. शेतातले व पाणी वाहण्याचे कष्ट जास्त, तिथे बाळ लहान. घरात सर्वांत शेवटी पानावर बसणाऱ्या बाईला ‘तू नीट खाल्ले नाहीस’ असे या निष्कर्षावरून कुणी सुनावू नये. जोखीम तिच्या शरीरातून मोजली गेली. ती निर्माण करणारे हात पुष्कळ आहेत.

तिसरा धागा आपल्या शाकाहारी वडोदऱ्याला जवळचा आहे. बी-12 हे जीवनसत्त्व आपल्याला दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच नैसर्गिकरीत्या मिळते. त्या गावांतील निम्म्याहून जास्त मातांमध्ये ते कमी होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-12 कमी, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. यावरून गरोदरपणी मिळणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करणे मोठी चूक ठरेल. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मदोष टाळण्यासाठी हे जीवनसत्त्व लागतेच. प्रश्न बी-12 च्या जोडीचा आहे.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. बी-12 कमी असलेली आई गरीबही असू शकते, कष्टानेही पिचलेली असू शकते. हे वेगळे काढायचे तर प्रयोगच करावा लागतो. 2012 मध्ये तो सुरू झाला, आणि भाग घेणारे होते याच अभ्यासात जन्मलेले, आता वयात आलेले मुलगे-मुली. काहींना बी-12, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळते हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले. पुढे त्यांची लग्ने झाली, मुली बाळंत झाल्या, आणि एकेकाळी ज्यांची स्वतःची पाठ चिमट्याने मोजली गेली होती त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासणीसाठी पुण्याला येऊ लागले.