मंडपातील किरण आणि लाल बटन

गणरायाच्या मंडपात लेसरचा किरण ओंकार रेखाटतो, तेव्हा भाविकांचे हात आपोआप जोडले जातात. तो रेखाटणारे आरसे नखाएवढे. त्यांना आज्ञा पोहोचते ती पंचवीस पिनांच्या जाड केबलमधून. अलीकडे नियंत्रकच प्रोजेक्टरच्या पोटात बसवितात. मग संगणकापासून शंभर मीटरपर्यंत नेटवर्कची एक बारीक तार पुरते. सोय मोठी, यात शंका नाही.

परंतु मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. जुन्या केबलमधील 4 आणि 17 क्रमांकांच्या पिना सुरक्षा-साखळीच्या असतात; साखळी तुटली की किरण थांबतो. केबल निघताच ती तुटते, म्हणून काही कारागीर आत तारेचा तुकडा जोडून मोकळे होतात. कुलूप लावून किल्ली त्यातच ठेवावी, तसे हे! ही साखळी बाहेरच्या लाल बटनापर्यंत नेलीच पाहिजे. 2023 साली पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत लेसरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. 2024 च्या उत्सवात तेथे अशा किरणांवर बंदी घालण्यात आली. जेथे परवानगी आहे, तेथेही किरण प्रेक्षकांच्या डोक्यावरूनच जावा, आणि आरतीपूर्वी बटन दाबून तो विझतो ना, हे पाहून घ्यावे.