मुठीत जादा स्क्रू ठेवणारा लॅपटॉप

पुण्यात विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघाले की वाटेत कळसजवळ डीआरडीओची ‘आर अँड डीई (इंजिनिअर्स)’ ही संस्था लागते. लष्कराचा ‘सर्वत्र’ हा पूल या संस्थेने विकसित केला. कात्रीसारखी घडी घालून तो ट्रकवर लादतात, नाल्याच्या काठावर उलगडतात आणि असे पाच गाळे एकापुढे एक जोडले की ७५ मीटरचा अडथळा पार होतो. मोठी वस्तू लहान करून न्यायची, हवी तिथे उलगडायची आणि उलगडल्यावर ती पक्की राहायला हवी. उद्याचा लॅपटॉप कसा असेल, याचा विचार करणारे अभियंतेही याच कोड्याशी झगडत आहेत. फरक इतकाच, की पुलाच्या सांध्यात पोलाद असते आणि त्यांच्या सांध्यात काच आहे.

दरवर्षी जानेवारीत लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात लॅपटॉपचे नवे नमुने मांडले जातात. कुणाची स्क्रीन दुमडते, कुणाची गुंडाळली जाते. बार्सिलोनाच्या २०२४च्या प्रदर्शनात तर आरपार दिसणाऱ्या स्क्रीनचा नमुना होता. हे सगळे पाहायला छान असते. पण लॅपटॉपचे रूप शेवटी ठरवतात त्या चार गोष्टींची जाहिरात कुणी करत नाही: माणसाचे शरीर, उष्णता, बॅटरी आणि दुरुस्ती.

बोटे बदलत नाहीत

अमेरिकी संगणकतज्ज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. पाटीएवढा सपाट संगणक, लहान मुलांच्या हातात, झाडाखाली बसून वापरता येईल असा. म्हणजे आजचा टॅबलेटच. तो बनवण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. १९८२मध्ये ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांनी आखलेला ‘ग्रिड कंपास’ बाजारात आला. वर स्क्रीन, खाली कीबोर्ड, मध्ये बिजागरी. किंमत आठ हजार डॉलरच्या वर. गिऱ्हाइके मोजकीच होती, त्यात ‘नासा’ होती. चार दशकांनंतरही आपण तीच रचना उघडतो आणि मिटतो.

याचे कारण साधे आहे. कीबोर्डवर दोन कळांच्या मध्यांतले अंतर साधारण १९ मिलिमीटर असते, कारण बोटांना तेवढी जागा लागते. एका ओळीत चौदा-पंधरा कळा धरल्या तर रुंदी २७-२८ सेंटिमीटर होते. तेरा इंची लॅपटॉपची रुंदी इथून येते. प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, बोटे बदलत नाहीत. स्क्रीन कितीही दुमडली तरी दहा बोटांनी टाइप करायचे असेल तोवर यंत्राला ही रुंदी सोडता येणार नाही.

काचेची घडी

काच दुमडते कशी, याचे उत्तर शाळेच्या गणितात बसते. एखादी पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबली जाते. बाहेरची बाजू किती ताणली जाईल, ते पट्टीची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट इतके असते. अर्धा मिलिमीटर जाडीची काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवायची म्हटली तर तिला जवळजवळ १७ टक्के ताणावे लागेल. त्याच्या कितीतरी आधी ती तडकेल. पण काच ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही पातळ केली, तर तोच ताण एक टक्क्यावर येतो आणि खास मजबुती दिलेली काच तो सोसू शकते. दुमडत्या फोनमध्ये हीच काच असते.

यात आणखी एक युक्ती आहे. वाकलेल्या पट्टीच्या मध्यावर असा एक थर असतो, जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. प्रकाश देणारा ओएलईडीचा नाजूक थर नेमका तिथे यावा, अशा बेताने वरखालचे थर रचतात.

लेनोव्होने १३.३ इंची स्क्रीन मधोमध दुमडणारा संगणक २०२०मध्ये आणला. २०२५मध्ये त्याच कंपनीने स्क्रीन गुंडाळणारा लॅपटॉप दाखवला. बटण दाबले की मोटरीच्या जोरावर १४ इंची स्क्रीन उभी वाढत १६.७ इंचांची होते. एरवी तिचा उरलेला भाग कीबोर्डखाली दडलेला असतो. घडीपेक्षा गुंडाळीचे वळण सौम्य ठेवता येते, म्हणून घडीची रेघ डोळ्यांत भरत नाही. पण मोटर, रूळ आणि फट आली की धूळही आलीच. आपल्याकडच्या मे महिन्यात या फटीची परीक्षा होईल.

सात अंशांचा फरक

पुण्यातल्या कुठल्याही लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर थोडा वेळ उभे राहा. ‘आपोआप बंद पडतो’ म्हणून आलेले यंत्र उघडले की पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर धुळीचा थर बसलेला असतो. चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून तिचे पोपडे सुटलेले असतात. ‘टचपॅड दबत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा टचपॅडचा दोष नसतोच. खालची बॅटरी आत वायू साचून फुगलेली असते आणि त्याला खालून रेटत असते. धूळ आणि उष्णता ही दोन्ही दुखणी आपल्या हवेची आहेत, आणि लॅपटॉपची रचना बहुतेक वेळा वातानुकूलित खोली डोळ्यांपुढे ठेवून झालेली असते.

पंखा काढूनच टाकला तर? अ‍ॅपलने २०२०मध्ये ‘एम-१’ चिपचा मॅकबुक एअर बिनपंख्याचा केला. चिप कमी वीज खाते, उष्णता धातूच्या कवचातून हवेत जाते. धुळीचा प्रश्न मिटला. पण कवच हवेला किती उष्णता देईल, ते ढोबळमानाने दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कवच ४५ अंशांच्या वर गेले की मांडीला चटका बसतो, म्हणून ती मर्यादा धरू. २२ अंशांच्या खोलीत फरक २३ अंशांचा. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ३८ अंश असतील तर फरक उरतो सात अंशांचा. म्हणजे तेच यंत्र एक तृतीयांशाहून कमी उष्णता बाहेर टाकू शकेल. ते जळू नये म्हणून चिप स्वतःहून वेग कमी करते आणि आपण म्हणतो, ‘स्लो झालाय.’ चंद्रपूरला पारा ४५ वर जातो तेव्हा तर हा फरक शून्य होतो.

त्यामुळे उष्णता बाहेर काढण्याच्या नव्या वाटा शोधणे चालू आहे. ‘एअरजेट’ नावाच्या जेमतेम २.८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत पंखा नसतो. आतले सूक्ष्म पडदे वेगाने थरथरतात आणि हवेचा झोत तयार करतात. एक पट्टी सुमारे पाच वॉट उष्णता काढते. दुसरी वाट त्याहून सोपी आणि जुनी आहे. ती म्हणजे चिप बसवलेला सगळा मदरबोर्ड कीबोर्डखालून काढून स्क्रीनमागे नेणे. उभ्या स्क्रीनला दोन्ही बाजूंनी हवा मिळते, मांडी गार राहते. टॅबलेटला कीबोर्ड जोडला की नेमके हेच होते.

विमानतळाचा नियम

विश्रांतवाडीला लागूनच लोहगावचा विमानतळ आहे, आणि लॅपटॉपच्या बॅटरीची कमाल मर्यादा विमानप्रवासाच्या नियमांनीच घालून दिली आहे. खास परवानगीशिवाय प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतचीच लिथियम-आयन बॅटरी सोबत नेता येते. १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीला विचारावे लागते. महागड्या, मोठ्या लॅपटॉपच्या बॅटरीवर ९९ आणि काही दशांश असा आकडा दिसतो, तो यामुळेच.

म्हणून ‘नवी बॅटरी आली की लॅपटॉप आठवडाभर चालेल’ हे भाकीत कच्चे आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली. तिच्या जनकांना २०१९चे नोबेल मिळाले. आज चांगल्या बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॉट-तास साठतात, म्हणजे १०० वॉट-तासांना ४०० ग्रॅम. उद्या ही क्षमता दुप्पट झाली तरी विमानात जाणारा आकडा १००च राहील, फक्त यंत्र २०० ग्रॅमने हलके होईल. जास्त तास हवे असतील तर वीज कमी खाणे हाच मार्ग उरतो.

पुण्यात सोडियम-आयन बॅटरीवर चांगले काम झाले आहे. केपीआयटी कंपनीने आयसर पुणेबरोबर विकसित केलेले तंत्र डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केले. सोडियम मिठात आहे, मुबलक आहे, त्यासाठी लिथियमच्या खाणींकडे पाहावे लागत नाही. पण कंपनीनेच दिलेली क्षमता किलोमागे १०० ते १७० वॉट-तास आहे. त्या हिशेबाने १०० वॉट-तासांची बॅटरी ६०० ग्रॅम ते एक किलो भरेल. रिक्षात, स्कूटरमध्ये किंवा घरच्या इन्व्हर्टरमध्ये ती आधी दिसेल. दप्तरात यायला तिला वेळ लागेल.

खैराटची शाळा

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रातल्या एका लहानशा शाळेत २००७ सालीच येऊन गेली होती. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना मांडली आणि तिचा भारतातला पहिला प्रयोग खैराट या डोंगरावरच्या वस्तीत, एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांच्या हातात हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले.

हे यंत्र खेळण्यासारखे दिसायचे, पण त्यामागचा विचार पक्का होता. मदरबोर्ड स्क्रीनमागे होता आणि पंखा नव्हताच. कीबोर्ड रबराचा, अखंड, धूळ-पाणी आत जाऊ न देणारा. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेली साडेसात इंची स्क्रीन सावलीत रंगीत दिसे. उन्हात नेली की मागचा दिवा बंद करूनही सूर्याच्याच प्रकाशात काळी-पांढरी, स्वच्छ वाचता येई आणि वीजही वाचे. स्क्रीन फिरवून कीबोर्डवर पालथी टाकली की त्याचा टॅबलेट होई. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी साध्या लिथियम-आयनपेक्षा वजनदार, पण जास्त टिकाऊ आणि सुरक्षित. धरायला एक मूठ होती आणि त्या मुठीच्या आत कारखान्यातच ठेवलेले जादा स्क्रू होते. कारण हे यंत्र मूल स्वतः उघडणार, एखादा स्क्रू हरवणार, हे आखणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

योजना फसली, हेही खरे. शंभर डॉलरचे आश्वासन दोनशेच्या घरात गेले. भारत सरकारने आधीच नकार कळवला होता. यंत्र वाटले की शिक्षण आपोआप होते, हा समज भाबडा ठरला. पुढे २०११मध्ये आपण सुमारे ५० डॉलरचा ‘आकाश’ टॅबलेट काढला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि बोट दाबून चालवावी लागणारी स्क्रीन. तो स्वस्त झाला तो कात्री लावून, एक्सओ स्वस्त करायचा प्रयत्न झाला तो नव्याने विचार करून. बाजाराने दोघांनाही मागे टाकले. पण आकाशबरोबर गमावले ते थोडे, एक्सओबरोबर गेले ते पुष्कळ. उन्हात वाचता येणारी स्क्रीन आणि घरच्या घरी उघडता येणारे कवच आजही दुकानात सहज मिळत नाही.

दहा वर्षांनी

मग पुढच्या दहा वर्षांत काय दिसेल? माझा अंदाज असा, की बाहेरचे रूप फारसे बदलणार नाही. दुमडत्या आणि गुंडाळत्या स्क्रीन महागड्या वर्गात राहतील. पंखे कमी होतील. कीबोर्डच्या जागीही स्क्रीन असलेले, दोन स्क्रीनचे लॅपटॉप वाढले तर मराठीचा मात्र फायदा आहे, कारण काचेवर उमटणाऱ्या कळा हव्या त्या लिपीत उमटवता येतात. ‘इनस्क्रिप्ट’ ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी १९८६पासून तयार असूनही दुकानातल्या लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षर क्वचितच छापलेले असते.

खरा बदल आतून येईल आणि तो कायद्याच्या रेट्याने येईल. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बसवणे बंधनकारक होत आहे. रॅम मदरबोर्डला कायमची डकवण्याऐवजी स्क्रूने बसवता येईल असे ‘कॅम-२’ मानक २०२३च्या अखेरीस जाहीर झाले. ‘फ्रेमवर्क’सारखी कंपनी २०२१पासून प्रत्येक भाग बदलता येईल असे लॅपटॉप विकते आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. पण पोर्टलने बॅटरीचा गोंद सुटत नाही. सक्तीचा नियम इथेही हवा.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात एक गोष्ट आहे. येत्या जूनमध्ये मुलांसाठी लॅपटॉप किंवा टॅबलेट घ्यायला जाल, तेव्हा किती पातळ आहे हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. बॅटरी बदलता येते का आणि कितीला? रॅम वाढवता येते का? पंखा साफ करायला मागचे झाकण साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघते का? सुटे भाग पुण्यात किती वर्षे मिळतील? उत्तर ‘नाही’ आले तर दुसऱ्या दुकानात जा. गिऱ्हाईक जे विचारते, तेच पुढच्या वर्षी कारखान्यात बनते.