फूल बदलले, पण का?

कुपवाड : अंगणातील सदाफुलीला वर्षभर पाच पाकळ्यांची फुले येत असतात. एके दिवशी तिच्या शेंड्यांवर फुलांऐवजी हिरव्या, पानांसारख्या दिसणाऱ्या झुपक्यांची गर्दी होते. शेजारच्या कुंडीत मात्र पाकळ्यांवर पाकळ्या असलेली डबल जास्वंद डौलाने फुललेली असते. ही दोन्ही फुले आपल्या मूळ घडणीपासून ढळलेली आहेत. पण जास्वंदीचे फूल पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण आहे, तर सदाफुलीचे फूल आजाराची खूण असू शकते. सांगली, मिरज व कुपवाड परिसरात वस्ती संपते तिथे शेते सुरू होतात. त्यामुळे हा फरक ओळखणे केवळ बागेच्या हौसेपुरते राहत नाही.

चार वर्तुळांची रचना

बहुतेक फुलांत चार वर्तुळे असतात. सर्वांत बाहेर हिरवी निदले, त्यांच्या आत रंगीत पाकळ्या, नंतर परागकण देणारे पुंकेसर आणि मध्यभागी स्त्रीकेसर. ही सारी पानांचीच रूपांतरे आहेत, असा विचार जर्मन कवी गटे याने १७९० मध्ये मांडला होता. त्याला जनुकांचा आधार मिळाला तो दोनशे वर्षांनी. १९९१ मध्ये एन्रिको कोएन व इलियट मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी स्नॅपड्रॅगन आणि मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपांच्या अभ्यासावरून एक सोपे सूत्र मांडले. फुलातील कामे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा जनुकांच्या तीन गटांत वाटलेली असतात. केवळ ‘अ’ असेल तेथे निदल तयार होते. ‘अ’ व ‘ब’ एकत्र आले की पाकळी, ‘ब’ व ‘क’ एकत्र आले की पुंकेसर आणि केवळ ‘क’ असेल तेथे स्त्रीकेसर. तिन्ही गट बंद पडले, तर त्या जागी साधे पान येते.

‘क’ गटाचे काम ढिले पडले की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फूल ‘डबल’ होते. अनेक डबल गुलाबांच्या भरगच्चपणामागे हेच कारण आहे. जास्वंदीच्या साध्या फुलात मधोमध पुंकेसरांची लांब दांडी स्पष्ट दिसते. डबल फुलात त्या दांडीवरच पाकळ्या फुटलेल्या असतात. या शोभेची किंमतही असते. पुंकेसर कमी झाल्याने परागकण घटतात, बी धरणे कठीण होते आणि मधमाशीला फुलात फारसे काही मिळत नाही.

विकृतीला मिळालेला मान

तरीही माणसाने अशा फुलांना नेहमीच जवळ केले आहे. दसऱ्याच्या सुमारास बाजारात येणारा कोंबडा घ्या. त्याचा मखमली तुरा म्हणजे वाढीच्या टोकाचा बिंदू रुंदावून त्याची रेघ झाल्याचा परिणाम. हा गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून तो वाण टिकून राहिला. निशिगंधाचे एकेरी आणि डबल असे दोन्ही प्रकार पिकवले जातात. एकेरी फुले हार-गजऱ्यांसाठी व सुगंधी अर्कासाठी, तर डबल फुलांच्या दांड्या पुष्पगुच्छांसाठी. निशिगंध कंदांपासून वाढवत असल्याने बी न धरणाऱ्या फुलाचाही वाण जपता येतो.

युरोपात हिवाळा सरताना फुलणाऱ्या ‘स्नोड्रॉप’ या पांढऱ्या फुलाच्या बाबतीत तर ही हौस वेडाच्या टोकाला गेली आहे. त्याच्या साध्या फुलात बाहेर तीन मोठी व आत तीन लहान दले असतात. आतली दले बाहेरच्यांसारखी मोठी झालेली, भरगच्च झालेली किंवा हिरव्या ठिपक्यांऐवजी पिवळे ठिपके असलेली रूपे संग्राहक शोधत फिरतात. पिवळ्या खुणांच्या ‘गोल्डन टिअर्स’ या वाणाचा एक कंद २०२२ मध्ये १,८५० पौंडांना विकला गेला.

हिरवे फूल धोक्याचे

सदाफुलीची कथा वेगळी आहे. तिच्या फुलांची पाने होतात, त्यामागे बहुधा फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू असतात. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९६७ मध्ये प्रथम ओळखले. झाडात अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांत ते राहतात आणि रस शोषणारे तुडतुडे त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तिळावरील पर्णगुच्छ आणि वांग्यावरील बोकड्या हे शेतकऱ्यांना परिचित असलेले रोग याच गटातले आहेत. पर्णगुच्छ झालेल्या तिळाला फुले व बोंडांऐवजी पानांचे झुपके येतात, म्हणजे पीक हातचे जाते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून या जिवाणूंची युक्ती उघड झाली. त्यांच्यातील एक प्रथिन झाडात शिरून फूल घडविणारी प्रथिनेच नष्ट करते. त्यामुळे फुलाचे पान होते, आणि असे झाड तुडतुड्यांना अधिक आकर्षित करते. झाड स्वतःसाठी बी धरत नाही. ते जणू जिवाणूंच्या प्रसारासाठी जगते.

ओळखायचे कसे?

केवळ फुलाकडे न पाहता सारे झाड पाहावे. फुले हिरवी, पाने बारीक व पिवळसर आणि फांद्यांचा झाडूसारखा झुपका अशी लक्षणे एकत्र दिसली, तर रोगाची शक्यता मोठी आहे. असे रोप बरे करण्याचा घरगुती उपाय नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करावे, त्याच्या फांद्या लावू नयेत किंवा कुणाला देऊ नयेत. आसपासच्या झाडांवर तुडतुडे असल्यास निंबोळी अर्काची फवारणी करावी.

एखादेच फूल विचित्र आले, दोन फुले जुळी झाली किंवा गुलाबाच्या मध्यातून नवी कळी डोकावली, तर घाबरण्याचे कारण नाही. हवामानातील अचानक बदलाने किंवा कोवळ्या शेंड्याला झालेल्या इजेने असे घडते. पुढची फुले पुष्कळदा नेहमीसारखी येतात.

मात्र निरोगी झाडाची एकच फांदी बहरामागून बहर वेगळी फुले देत असेल, तर ती फांदी जपावी. कळीतील जनुकीय बदलातून नवा प्रकार मिळालेला असू शकतो, आणि कलम किंवा गुटी करूनच तो टिकतो. प्रत्येक हिरवे फूल रोगट असते असेही नाही. ‘हिरवा गुलाब’ हा वाण एकोणिसाव्या शतकापासून बागांतून वाढवला जातो. त्याच्या पाकळ्यांची निदलांसारखी हिरवी दले झाली असली तरी झाड मात्र ठणठणीत असते.

सदाफुलीचे झाड जेव्हा हिरव्या झुपक्यांनी भरून येते, तेव्हा ‘नवीन जात दिसते’ असे म्हणून तिची फांदी शेजाऱ्याला देण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या कुंडीपासून तिळाचे किंवा वांग्याचे शेत तुडतुड्याच्या आवाक्यात असू शकते.