खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि विदर्भाचे पाणी

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. नाते जवळचे आहे. खायचा सोडा तापवला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते व मागे धुण्याचा सोडा उरतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम होतात. ५० अंश सेल्सिअसच्या पुढे ही क्रिया हळूहळू सुरू होते आणि तापलेल्या कढईत झपाट्याने पुरी होते. एवढ्या जवळच्या नात्यातही स्वभाव मात्र फार वेगळा. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास असतो, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या पुढे जातो. सामूच्या पट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे दोघांच्या अल्कधर्मी जोरात सुमारे हजारपटीचा फरक पडतो. एक जिभेवर ठेवता येतो. दुसऱ्याने हाताची कातडी सोलवटते.

विदर्भाला सोडा कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, कारण त्याचे नैसर्गिक भांडार बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. त्यातल्या सरोवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. खडक झिजून सुटलेले सोडियम आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच साठत राहतात. उन्हाने पाणी आटते तेव्हा कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने आधी तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात सोडा साठत जातो. विवराच्या कडेवरच्या ‘धार’ या झऱ्याचे पाणी गोड आणि खालच्या सरोवराचे साबणासारखे बुळबुळीत, याचे कारण एवढेच. ‘आईन-ए-अकबरी’त मेहकरच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, तोही काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळणारे ठिकाण म्हणून.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर जमणारे क्षार लोक गोळा करत. त्यांना दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. कशात सोडा जास्त, कशात मीठ जास्त हे नावावरूनच कळे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा येण्याआधी केलेले हे वर्गीकरण आहे आणि त्याचा मान त्याला मिळायला हवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये लोणारच्या भूविज्ञानावर सविस्तर लेखन केले. आज सरोवर अभयारण्यात आहे आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय आला, नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, आणि खारट-अल्कधर्मी पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्या रंगाचे कारण निघाले.

बाजारातल्या सोड्याचा मात्र आता लोणारशी संबंध नाही. १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांपासून सोडा करण्याची रीत काढली. भारतात याच पद्धतीचा मोठा कारखाना टाटा केमिकल्सने गुजरातमधील मिठापूरला उभारला. कंपनीची स्थापना १९३९ ची. नागपुरात १९४२ मध्ये सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेल-तंत्रज्ञानही शिकवले जाते. साबण आणि सोडा हे त्याच विद्येचे विषय.

घरात धुण्याच्या सोड्याचे पहिले काम मळ काढण्याचे नसून पाणी सुधारण्याचे आहे. नागपूर शहर दोन खडकांच्या सीमेवर वसले आहे: पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून फार जुना ग्रॅनाइटसारखा नाइस. पेंच आणि कन्हान यांचे नळाचे पाणी त्या मानाने हलके असते. विहिरी-बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त उतरलेले असते. याला लोक जड पाणी म्हणतात. त्यात साबणाला फेस येत नाही, कापडावर करडा थर बसतो, डाळ शिजत नाही. सोडा घातला की कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसते आणि साबण मोकळा राहतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० आहे. ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पंधरा लिटर पाण्याला हिशेबाने साधारण ५ ग्रॅम कोरडा सोडा पुरतो, म्हणजे एक सपाट चमचा. साबण टाकण्याच्या आधी तो विरघळवून थोडा वेळ थांबावे. उलट क्रमाने केले तर साबण आधीच वाया गेलेला असतो. एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कूलरच्या टाकीत आणि गिझरमध्ये उन्हाळाभर जमणारा पांढरा थर ही चुनखडीच आहे. तिच्यावर सोडा कितीही चोळला तरी ती हलत नाही. तिला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर लागते.

दुसरे काम चिकटाचे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला की जुन्या, खवट झालेल्या तेलातली आम्ले साबणात बदलतात आणि तेल पाण्याबरोबर सुटते. सावजी रश्श्याचे पातेले, स्वयंपाकघराची जाळी, चिमणीची चाळणी यांना याहून स्वस्त उपाय नाही. दिवाळीच्या आधी समया आणि पितळी दिवे घासताना या कामाचे दोन भाग पाडावेत. तेलाची काजळी सोड्याच्या गरम पाण्याने निघते आणि पितळेवरची काळपट पुटे चिंचेने. दोन्ही एकत्र कालवले तर आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, फेस भरपूर येतो आणि काम काहीच होत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सफाई करण्याचा जो उपाय हल्ली सर्रास सांगितला जातो, त्यातही हीच चूक आहे. फेस पाहून समाधान होते, पण उरते ते जवळजवळ मिठाच्या पाण्यासारखे निष्क्रिय पाणी.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नये. त्यांचे संरक्षक पापुद्रे सोड्यात विरघळतात आणि भांडे काळे पडते. लोकरीचे आणि रेशमाचे कपडेही त्यापासून दूर ठेवावेत. रेशमाच्या बाबतीत विदर्भातच एक सुंदर विरोधाभास दिसतो. ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या अळीचा कोसा गडचिरोलीतील आरमोरीपासून भंडाऱ्यातील मोहाडी-आंधळगावपर्यंतच्या विणकरांचा प्राण आहे. हा कोष इतका घट्ट डिंकाने बांधलेला असतो की नुसत्या पाण्यात उकळून धागा सुटत नाही. पाण्यात सोड्यासारखा क्षार घालावा लागतो. डिंक क्षारात लवकर विरघळतो, आतला धागा उशिरा. कारागिराचे सगळे कसब या दोन वेळांच्या मधल्या फटीत आहे. तीच कोशाची साडी तयार झाल्यावर सोड्याच्या बादलीत टाकली तर संरक्षणाला डिंक उरलेला नसतो आणि धाग्याचाच ऱ्हास सुरू होतो.

स्वयंपाकात खायचा सोडा दोन प्रकारे काम करतो. पहिला प्रकार फुगवण्याचा. दही, ताक, लिंबू असे आंबट सोबत असले की वायू लगेच निघतो, म्हणून ढोकळ्याच्या पिठात सोडा घातल्यावर थांबायचे नसते. भज्यांत आंबट काही नसेल तर सोडा तेलाच्या उष्णतेने फुटतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. जास्त झालेल्या सोड्याची साबणासारखी चव ती हीच. शिवाय पिठाला जादा छिद्रे पडून भजी तेल पितात. चकली-शेवेला खुसखुशीतपणासाठी गरम मोहन पुरते. सोड्याची चिमूट तिथे टाळलेलीच बरी. हळद घातलेल्या पिठात सोडा नीट न कालवल्यास लाल ठिपके उमटतात, कारण हळदीतले कुर्कुमिन क्षारात लालसर होते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हेच तत्त्व आहे. वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद रंगासाठी नावाजलेली. तिची चिमूट पाण्यात टाकली की पाण्यात सोडा आहे का, याची घरच्या घरी परीक्षा होते.

दुसरा प्रकार शिजवण्याचा. कडधान्याच्या पेशींना जोडणारे पेक्टिन क्षारात सैल होते, जड पाण्यातल्या कॅल्शियमने घट्ट होते. पोह्यांवरच्या तर्रीचा हरभरा भिजवताना चिमूटभर सोडा घातला की तो लवकर मऊ होतो. त्याची किंमत मात्र आहे: क्षारात शिजवल्याने थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते. रात्रभर भिजवणे आणि कुकर हे दोन उपाय असताना रोजच्या रोज ही किंमत मोजू नये. उडदाच्या पापडाची गोष्ट निराळी. पापडखार, जो मुळात कार्बोनेट-बायकार्बोनेटचे मिश्रणच, पिठाला लवचीकपणा आणि भाजताना फुलण्याची ताकद देतो. त्याच्याशिवाय पापड पापड होत नाही.

फळे धुण्याबाबत २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदांवर प्रयोग केला. खायच्या सोड्याच्या १ टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरच्या एका कीटकनाशकाचा आणि एका बुरशीनाशकाचा बराचसा अंश निघाला, पण सालीच्या आत शिरलेला भाग तसाच राहिला. लिंबूवर्गीय फळांवर साठवणीत वाढणारी हिरवी बुरशी रोखण्यासाठीही सोड्याच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत जगात रूढ आहे. संत्र्याच्या नगरीला ती माहीत असणे उपयोगाचे.

महालक्ष्म्यांच्या चांदीच्या वस्तू काळ्या पडतात त्या हवेतल्या गंधकामुळे. गरम पाण्यात खायचा सोडा घालून भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची पन्नी ठेवावी आणि चांदी तिला टेकवावी. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते, चांदी जागच्या जागी राहते. घासून काढताना दरवर्षी चांदीचाच थर जातो, तो इथे वाचतो. खडे बसवलेल्या वस्तूंना मात्र हा उपाय करू नये.

आम्लपित्तावर सोडा पिण्याची सवय जुनी आहे. अर्ध्या चमच्यात सुमारे ०.६ ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गच्च भरल्या पोटी कोणीच घेऊ नये. धुण्याचा सोडा पोटात जाता कामा नये. डोळ्यात उडाल्यास लिंबू-व्हिनेगरच्या मागे न लागता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा बराच वेळ धरावा आणि दवाखाना गाठावा.

साठवणीत नागपूरचा उन्हाळा मोठा फरक पाडतो. धुण्याच्या सोड्याच्या पारदर्शक खड्यांत वजनाच्या ६३ टक्के पाणी असते. साधारण ३३ अंशांपुढे खडा स्वतःच्याच पाण्यात वितळू लागतो, आणि कोरड्या हवेत ते पाणी उडून पांढरी भुकटी उरते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना उघड्या डब्यात हे हमखास घडते. सोडा बिघडलेला नसतो, दाट झालेला असतो: खड्यात ३७ टक्के असलेला सोडा अशा भुकटीत सुमारे ८५ टक्के असतो. वरच्या हिशेबातल्या ज्या पंधरा लिटरच्या बादलीला १३ ग्रॅम खडे लागत होते, तिला आता साडेपाच-सहा ग्रॅम भुकटी पुरते. खायचा सोडाही घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावा. दोन्ही डब्यांवर नावे लिहावीत आणि ते एका फळीवर ठेवू नयेत.