संध्याकाळी मिटणारी पापणी

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात पापणी जड होण्याचा एक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे डोळे उघडता येत नाहीत, तेव्हा जाणती माणसे मण्यारीचा संशय घेऊन दवाखाना गाठतात. ते योग्यच, तिथे क्षणाचाही उशीर नको. पण दुसरीही एक पापणी असते. सकाळी शाळेत जाताना डोळे टपोरे. दिवेलागणीला पुस्तक उघडले की एक पापणी खाली, कधी डोळा तिरळा, कधी एकाचे दोन दिसणे. असे आठवडेच्या आठवडे चालते. घरात कुणी अभ्यासाचा कंटाळा म्हणतो, कुणी दृष्ट काढतो.

हा मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतो. 'कुली'च्या अपघातानंतर काही वर्षांत अमिताभ बच्चन यांना तो झाला आणि या आजाराचे नाव आपल्याकडे कानावर पडले. लहान मुलांत, विशेषतः आशियाई मुलांत, तो बरेचदा डोळ्यांच्या स्नायूंपुरताच राहतो.

मज्जातंतूच्या टोकाशी स्रवणारे रसायन स्नायूवरच्या ग्राहकांना भिडले, की स्नायू आखडतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्राहकांवरच उलटते. हे ग्राहक कमी झालेले असतात, हे १९७३ साली अमेरिकेत दाखवले गेले, आणि ते मोजायला कामी आला तैवानमधल्या मण्यारीच्या विषातला एक घटक! म्हणजे धानाच्या बांधीतल्या मण्यारीच्या या भाऊबंदानेच आजाराचे कोडे सोडवायला मदत केली.

उपचाराची सुरुवात बहुधा पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीने होते. ती पापणीला काही तासांची उभारी देते. मूळ भांडण मिटवत नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे लागतात: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि ते कमी करता यावे म्हणून ॲझाथायोप्रिन. पहिल्याचा गुण काही आठवड्यांत दिसतो, दुसऱ्याला कित्येक महिने लागतात. स्टिरॉइडने भूक व वजन वाढते, उंची खुंटू शकते, हाडे ठिसूळ होतात. ॲझाथायोप्रिन घेताना रक्त वेळोवेळी तपासावे लागते. म्हणून काही पालक 'एवढ्याशा पापणीसाठी एवढी जहाल औषधे?' असे विचारतात.

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर पापणीत नाही, नजरेत आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. झाकलेल्या वा तिरळ्या डोळ्याचे चित्र त्याने नाकारले, तर तो डोळा मंद पडतो आणि पुढे पापणी उघडूनही नजर पुरती परतत नाही. काही मुलांचा आजार आपोआप शमतो. पण ती वाट पाहताना नेत्रतज्ज्ञाची नियमित तपासणी हवीच.

औषधे सुरू झाल्यावर पथ्ये पाळावी लागतात. स्टिरॉइड एकाएकी कधीही बंद करू नये. गोवर-कांजिण्यांची साथ आली, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. जिवंत जंतूंच्या लसी त्यांना विचारूनच द्याव्यात. देवरी, सालेकसा या जंगलपट्ट्यात आणखी एक जपणूक हवी. हिवतापावरची क्लोरोक्विन, क्विनाइन आणि जेन्टामायसिनसारखी इंजेक्शने हा आजार बळावू शकतात. हिवतापाचा उपचार टाळायचा नाही. फक्त आजाराचे नाव आधी सांगायचे, म्हणजे डॉक्टर योग्य औषध निवडतील. ते नाव लिहिलेला कागद मुलाच्या दप्तरात असावा.

गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या तपासण्यांसाठी नागपूर रेल्वेने गाठता येते. अडचण वेगळीच आहे. डॉक्टर मूल पाहतात ते बहुधा सकाळी, आणि सकाळी पापणी शहाण्यासारखी वर असते! तेव्हा आईबाबांनी एकाच दिवशी सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन फोटो काढून ठेवावेत. निदानाची अर्धी वाट तिथेच सरते.